विमान सोडून गाडी का करतो आपण?

मागच्या वेळी एकानं विचारलं होतं, विमान असताना टॅक्सीनं इतक्या लांब जातं कोण?

2010 च्या एप्रिलमध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेनं युरोपातली विमानं बंद पडली, तेव्हा जॉन क्लीझ हा इंग्रज विनोदी नट ओस्लोहून ब्रसेल्सला टॅक्सीनं गेला. साधारण 1,500 किलोमीटर. जगभर बातमी झाली. आपल्या बीडमधून पेशंट घेऊन मुंबईला गाडी करून जाणं मात्र नेहमीचंच.

बीडला प्रवासी विमानतळ नाही. विमान धरायचं तर आधी छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा गाठायचं, म्हणजे 130 किलोमीटर, अडीच-तीन तास. तिथं दीड-दोन तास आधी पोचायचं. विमान तासाभराचं, पण उतरल्यावर सामान घेऊन परळपर्यंत पुन्हा टॅक्सी आहेच. सगळं मिळून सात तास जातात. घरातून थेट गाडीनं आठ-नऊ. वाचले किती? आणि केमो घेतलेल्या माणसाला चार ठिकाणी चढवा-उतरवायचं ते वेगळंच. बीडला रेल्वे आली 17 सप्टेंबर 2025 ला, तीही अहिल्यानगरपर्यंत.

आता पैशाचं. मुंबई 400 किलोमीटर धरली, तरी गाडीवाला 800 चे पैसे लावतो. लोक म्हणतात लुटलं. अहो, त्याला रिकामं परत यायचं असतं! किलोमीटरला 14 रुपये धरले तर 11,200 झाले. वर टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता. चौघं असलो तर परवडतं, एकट्याला नाही.

पण खरी गोम भत्त्याच्या पुढं आहे. मुक्काम वाचवायचा म्हणून आपणच सांगतो, दुपारी तपासणी झाली की लगेच निघू. रात्री दोनला निघालेला ड्रायव्हर परतताना पुन्हा रात्रभर जागा. मोटार वाहतूक कामगारांसाठी 2025 पर्यंत 1961 चा कायदा होता, दिवसाला आठ तास काम. तो लागू व्हायचा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. आपल्या गल्लीतला एका गाडीचा मालक-ड्रायव्हर त्यात बसतच नव्हता. त्याच्या झोपेचा हिशोब गिऱ्हाईकानंच करायचा.

आम्ही आईला न्यायचो तेव्हा सुरुवातीला हे सुचलं नव्हतं. एकदा अहिल्यानगरच्या अलीकडं गाडी पांढरा पट्टा सोडून मातीवर गेली. थोडक्यात वाचलो. त्यानंतर परतीला आळेफाट्याला थांबायचो. ड्रायव्हरभाऊंना सीट मागं करून द्यायची, आम्ही बाहेर चहा घेत बसायचो. ते दीड-दोन तास झोपायचे. आई म्हणायची, झोपू दे त्याला, मला काही घाई नाही.