अखंड शर्करामापन : त्वचेखालचा संवेदक नेमके काय मोजतो?

बेनेडिक्टचे निळे द्रावण परीक्षानळीत घ्यायचे, त्यात आठ थेंब लघवी टाकून उकळायचे आणि रंग पाहायचा. निळा राहिला तर निश्चिंत, हिरवा-पिवळा झाला तर सावध, विटकरी झाला तर इन्सुलिनची मात्रा वाढवायची. आमच्या पिढीतील डॉक्टरांनी मधुमेहाचे पहिले धडे असेच गिरवले. मूत्रपिंड साखर बाहेर टाकू लागते ते रक्तातील प्रमाण साधारणतः १८० मि.ग्रॅ. प्रति डेसिलीटरच्या पुढे गेल्यावर. म्हणजे ही चाचणी काही तासांपूर्वीची आणि तीही केवळ वाढलेल्या साखरेची बातमी देत असे. घसरलेल्या साखरेबाबत ती मौन पाळी. पुढे बोटातील रक्ताच्या थेंबावर चालणारा ग्लुकोमीटर घरोघरी आला. आणि आता दंडावर मोठ्या बटणाएवढी चकती चिकटवून रुग्ण दवाखान्यात येतो, मोबाइल पुढे करतो आणि विचारतो, "डॉक्टरसाहेब, रात्री तीन वाजता ५८ दाखवत होते. आता रात्रीचे इन्सुलिन कमी करू का?"

प्रश्न साधा आहे, परंतु उत्तर चुकले तर दोन्ही बाजूंनी धोका आहे. साखर खरोखरच ५८ झाली असेल आणि आपण दुर्लक्ष केले, तर एखाद्या पहाटे रुग्ण बेशुद्धावस्थेत सापडेल. झाली नसेल आणि आपण इन्सुलिन कमी केले, तर महिनोन् महिने साखर चढी राहील. म्हणून तो ५८ हा आकडा कुठून, कोणत्या वाटेने पडद्यावर आला हे समजून घेणे डॉक्टरांना आणि रुग्णांनाही आवश्यक आहे.

पहिली गोष्ट अशी की हा संवेदक रक्तातील साखर मोजतच नाही. चकतीखालचा केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली सुमारे अर्धा सेंटिमीटर जातो आणि तेथील पेशींभोवतीच्या द्रवात बुडालेला असतो. केशवाहिन्यांतून ग्लुकोज या ऊतिद्रवात झिरपते. विहिरीवरून सोडलेले पाणी आधी पाटातून वाहते आणि मग वाफ्यात पसरते, तसाच हा प्रकार. पाट संथ वाहत असेल तर दोन्हींची पातळी जुळते. पाटातले पाणी एकाएकी चढले वा उतरले तर वाफ्याला ते थोडे उशिरा कळते. शरीरात हा उशीर साधारण पाच ते दहा मिनिटांचा असतो. एरवी त्याने फारसे बिघडत नाही. पण साखर वेगाने घसरत असताना संवेदक रक्तापेक्षा अधिक आकडा दाखवतो, आणि रुग्णाने पंधरा ग्रॅम साखर घेतल्यावर रक्तातील पातळी सावरली तरी पडद्यावरचा आकडा काही काळ खालीच राहतो. घाबरलेला रुग्ण मग आणखी दोन चमचे साखर घेतो, वर एक पेढाही खातो, आणि तासाभराने २५० चा आकडा घेऊन बसतो. अशा वेळी पंधरा मिनिटे थांबून बोटातील रक्त तपासणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

या तंत्राचे मूळ मधुमेहाच्या नव्हे, तर हृदयशस्त्रक्रियेच्या दालनात आहे. अमेरिकन संशोधक लेलँड क्लार्क यांनी १९५६ मध्ये रक्तातील प्राणवायू मोजणारे विद्युदग्र प्रसिद्ध केले. १९६२ मध्ये त्यांनी आणि चॅम्प लायन्स यांनी हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी अखंड मापन कसे करता येईल यावर निबंध लिहिला आणि त्यात एक अभिनव कल्पना मांडली : विद्युदग्रावर ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचा थर पकडून ठेवायचा. हे विकर मिळते एका काळ्या बुरशीपासून, आणि ते आपल्या कामात अत्यंत निष्ठावान आहे. द्रवातील असंख्य पदार्थांमधून ते ग्लुकोजच निवडते. ग्लुकोजकडून ते दोन इलेक्ट्रॉन घेते आणि प्राणवायूला देते. प्राणवायूचे हायड्रोजन पेरॉक्साइड होते. सुमारे ०.६ व्होल्टचा दाब दिलेल्या प्लॅटिनमवर हे पेरॉक्साइड पोहोचले की ते दोन इलेक्ट्रॉन परत सोडते आणि तारेतून प्रवाह वाहू लागतो. ग्लुकोज अधिक तर प्रवाह अधिक. हा प्रवाह अँपिअरच्या काही अब्जांशांएवढाच असतो. पडद्यावरचा आकडा म्हणजे त्या क्षीण प्रवाहाचे गणिताने केलेले भाषांतर होय.

प्रयोगशाळेतील काचपात्रात हे सारे सुरळीत चालते. शरीरात शिरल्यावर मात्र अडचणींची रांग लागते, आणि त्यांतील पहिली अडचण फार गमतीची आहे. ऊतिद्रवात ग्लुकोजचे रेणू प्राणवायूच्या रेणूंच्या कित्येक पटींनी अधिक असतात. पंगत शंभरांची आणि वाढपी चार, अशी स्थिती. ग्लुकोज कितीही वाढले तरी प्राणवायू संपला की अभिक्रिया थांबते, आणि संवेदक चढती साखर दाखवतच नाही. यावर उपाय म्हणून तंतूवर बहुवारिकाचे अतिशय पातळ आवरण चढवतात. ते प्राणवायूला मोकळी वाट देते आणि ग्लुकोजला मात्र दारात थोपवून थोडे थोडे आत सोडते. सामान्य माणसाचे लक्ष चकतीकडे आणि मोबाइलकडे जाते. माझ्या मते या यंत्रातील खरी कारागिरी या आवरणात आहे.

आता त्या रात्री तीनच्या ५८ कडे वळू. झोपेत रुग्ण चकती लावलेल्या दंडावर कलंडला की तेथील रक्तप्रवाह दबतो. ताजे ग्लुकोज त्या जागी पोहोचत नाही, प्राणवायूही पोहोचत नाही, आणि प्रवाह कोसळतो. शरीरातील साखर १२० असतानाही संवेदक ५८ दाखवू शकतो. याची खूण आलेखात उमटते : रेषा एकदम कड्यावरून पडल्यासारखी खाली येते, काही काळ तळाशी राहते आणि रुग्णाने कूस बदलताच तितक्याच झपाट्याने वर येते. खरी घसरण बहुधा उताराने येते. तिच्यात अनेकदा घाम, धडधड, सकाळी डोके जड होणे अशी साक्ष मिळते. मात्र दीर्घकाळच्या मधुमेहात ही लक्षणे बोथट होतात, त्यामुळे केवळ "काही जाणवले नाही" या वाक्यावर विसंबू नये. कोणत्या कुशीवर झोपता, हे विचारावे. दोन-तीन रात्री गजर होताच बोटातील रक्त तपासायला सांगावे आणि मगच इन्सुलिनला हात लावावा.

दुसरी अडचण भेसळीची. विकर निष्ठावान असले तरी प्लॅटिनम तसे नाही. ०.६ व्होल्टला पॅरासिटामॉल, क जीवनसत्त्व, यूरिक आम्ल हे पदार्थही तेथे इलेक्ट्रॉन सोडतात आणि यंत्र त्यांनाही साखर समजते. तापासाठी पॅरासिटामॉल घेतलेल्या रुग्णात जुने संवेदक साखर बरीच वाढल्याचे दाखवत. टेक्सास विद्यापीठातील ॲडम हेलर यांनी वेगळी वाट काढली. विकरातील इलेक्ट्रॉन प्राणवायूकडे न देता ऑस्मियमयुक्त बहुवारिकाच्या 'तारांवरून' थेट विद्युदग्राकडे न्यायचे. त्यामुळे प्राणवायूवरचे अवलंबन संपते आणि कमी व्होल्टेजवर काम भागते. या कल्पनेवर उभी राहिलेली थेरासेन्स ही कंपनी २००४ मध्ये ॲबटने घेतली, आणि २०१४ मध्ये युरोपात आलेला फ्रीस्टाइल लिब्रे हा तिचाच वारसा. कारखान्यातच अंशशोधन झालेल्या या संवेदकामुळे रोज बोट टोचून यंत्राला 'शिकवण्याचा' त्रास वाचला.

तरीही भेसळ पूर्णपणे गेलेली नाही, आणि कोणत्या संवेदकाला काय बाधते हे प्रत्येकाचे निराळे आहे. काहींच्या माहितीपत्रकात दिवसाला ५०० मि.ग्रॅ.पेक्षा अधिक क जीवनसत्त्व घेऊ नये असे लिहिलेले असते. कोविडपासून क जीवनसत्त्वाच्या चघळण्याच्या गोळ्या हा घरोघरी खाऊच झाला असल्याने हा प्रश्न विचारायला विसरू नये. याहून गंभीर बाब हायड्रॉक्सियुरियाची. या औषधामुळे काही प्रमुख संवेदक साखर प्रत्यक्षाहून अधिक दाखवतात. त्यावर विसंबून इन्सुलिन दिले तर परिणाम काय होईल हे सांगायला नको. आपल्या इंदूरला झाबुआ, आलिराजपूर, बडवानीकडून सिकलसेलचे रुग्ण येतात आणि त्यांतील अनेकांना हेच औषध दिले जाते. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशींचे आयुष्य कमी असल्याने एचबीए-१-सी भरवशाचे राहत नाही. म्हणजे ज्या रुग्णाला संवेदकाची सर्वाधिक गरज वाटावी, त्याच्याच बाबतीत संवेदक फसवू शकतो. अशा रुग्णास मधुमेह असेल तर जुना, कंटाळवाणा मार्गच खरा : ठरावीक वेळी ग्लुकोमीटर आणि अधूनमधून शिरेतील रक्ताची तपासणी.

तिसरी अडचण शरीराच्या स्वाभिमानाची म्हणावी. तंतू टोचताच तेथे सूक्ष्म जखम होते, प्रथिने त्यावर जमतात, भक्षक पेशी धावून येतात आणि या परक्या वस्तूभोवती कुंपण घालू लागतात. म्हणून पहिल्या दिवसाचे आकडे थोडे लहरी असतात आणि म्हणूनच बहुतेक संवेदक दहा ते पंधरा दिवसांत निवृत्त करावे लागतात. जपानमध्ये शिचिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये सुईसारखा संवेदक अंगावर बाळगता येणाऱ्या यंत्राला जोडून दाखवला होता, परंतु बाजारात येण्याजोगे साधन तयार व्हायला १९९९ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत मान्यता मिळालेले मिनीमेडचे यंत्र तीन दिवस चाले आणि रुग्णाला आकडे दाखवतही नसे. डॉक्टर नंतर ते उतरवून घेत. तीन दिवसांवरून पंधरा दिवसांपर्यंतचा हा प्रवास प्रामुख्याने शरीराशी जुळते घेण्याचा आहे. विकराची वाट सोडून, साखरेशी जुळताच प्रकाशमान होणारा रासायनिक पदार्थ वापरून दंडात छोट्या शस्त्रक्रियेने बसवायचा संवेदकही निघाला आहे. एव्हरसेन्स या नावाच्या त्या साधनाला अमेरिकेत २०१८ मध्ये ९० दिवसांसाठी, तर २०२४ मध्ये वर्षभरासाठी परवानगी मिळाली.

अचूकतेविषयी कंपन्या जो आकडा छापतात तो सरासरी फरकाचा असतो. चांगल्या संवेदकांत तो आज आठ-दहा टक्क्यांच्या घरात आहे. पण सरासरी ती सरासरीच. एखादा आकडा अगदी जुळेल, एखादा वीस टक्क्यांनी हुकेल, आणि साखर कमी असताना किंवा झपाट्याने बदलत असताना हुकण्याचा संभव अधिक. म्हणूनच सुट्या आकड्यापेक्षा चौदा दिवसांचा आलेख वाचावा. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार बहुतेक प्रौढ रुग्णांची साखर दिवसाच्या ७० टक्क्यांहून अधिक काळ ७० ते १८० च्या दरम्यान असावी, ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी आणि ५४ च्या खाली १ टक्क्याहून कमी काळ असावी. वृद्ध आणि दुर्बल रुग्णांसाठी ही अपेक्षा मुद्दाम शिथिल केली आहे : पट्ट्यात ५० टक्के काळ पुरेसा, परंतु ७० च्या खालचा काळ मात्र १ टक्क्याच्या आतच. घरातील आजोबांचा आलेख सुनेच्या आलेखाशी ताडून त्यांना रागावणाऱ्या कुटुंबीयांनी हे ध्यानात घ्यावे.

आलेखाचा सर्वांत मोठा उपयोग मला औषधांपेक्षा आहाराच्या समुपदेशनात दिसतो. सकाळच्या पोह्यांवर जलेबी घेतल्यावर रेषा कुठे जाते हे रुग्णाने स्वतः पाहिले, की दहा वेळा केलेल्या उपदेशाचे काम एका चित्राने होते. उपाशीपोटी ११० आणि एचबीए-१-सी ७ म्हणून समाधानी असलेल्या माणसाच्या न्याहारीनंतरचा डोंगर प्रथमच दिसतो.

खर्चाचा विचार टाळता येणार नाही. एका संवेदकाला काही हजार रुपये पडतात आणि तो दोन आठवड्यांत संपतो. पहिल्या प्रकारचा मधुमेह, इन्सुलिन घेणारी गर्भवती, साखर घसरल्याची जाणीवच न होणारा रुग्ण, यांच्यासाठी हा खर्च मी चैन मानत नाही. केवळ गोळ्यांवर असलेल्या, स्थिर रुग्णाला वर्षातून एक-दोनदा पंधरा दिवस लावून पाहणे पुष्कळ झाले. ज्यांना मधुमेहच नाही अशा तरुणांनी दंडावर चकती मिरवण्याची हौस अलीकडे दिसते. जेवणानंतर निरोगी माणसाची साखरही थोडी चढते-उतरते, आणि त्या प्रत्येक चढाची धास्ती घेणे हा नवाच विकार व्हायचा.

टोचल्याविना साखर सांगणारी घड्याळे आणि अंगठ्या यांच्या जाहिराती तर रोज येतात. मनगटी यंत्राचा एक प्रयत्न खरोखर झाला होता : २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ग्लुकोवॉच सौम्य विद्युत्प्रवाहाने त्वचेतून द्रव ओढून घेई, पण कातडी चुरचुरे, लाल होई, आणि काही वर्षांत ते बाजारातून गेले. आताची घड्याळे तर त्वचा टोचतही नाहीत आणि द्रवही घेत नाहीत. त्वचा न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. अशा घड्याळावर विसंबून कोणी इन्सुलिन घेत असेल तर ते ताबडतोब थांबवावे. संवेदक वापरणाऱ्या रुग्णाच्या केसपेपरवर मात्र तीन गोष्टी अवश्य लिहाव्यात : संवेदकाचे नाव, तो लावल्याची तारीख आणि चालू असलेली सर्व औषधे, 'साधी' म्हणून न सांगितलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांसह.