पीटर पॅनचे दान

जेम्स मॅथ्यू बॅरी या स्कॉटिश लेखकाने १९२९ साली ‘पीटर पॅन’चे हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील मुलांच्या रुग्णालयाला देऊन टाकले. कधीच मोठा न होणारा मुलगा हा त्या नाटकाचा नायक. त्याच्या खेळांतून आणि पुस्तकांतून येणारे उत्पन्न तेव्हापासून आजारी मुलांच्या उपचारांसाठी वापरले जाते. बॅरीने रुग्णालयाला ठरावीक रक्कम दिली नाही, उत्पन्नाचा झराच दिला. या दानाचे मोल त्यातच आहे.

या नाटकाची मुळे बॅरीच्या घरात आहेत. स्कॉटलंडमधील किरीम्यूर गावात, विणकराच्या कुटुंबात १८६० साली त्याचा जन्म झाला. तो सहा वर्षांचा असताना, १८६७च्या जानेवारीत, थोरला भाऊ डेव्हिड बर्फावरच्या अपघातात गेला. डेव्हिड चौदाव्या वर्षातच होता आणि आईचा विशेष लाडका होता. आईने अंथरूण धरले. अंधाऱ्या खोलीत कोणी आल्याची चाहूल लागली की तिला गेलेला मुलगाच आल्यासारखे वाटे. तिला बरे वाटावे म्हणून धाकट्या जेम्सने भावाचे कपडे अंगात घातले, त्याच्यासारखी शीळ घालायचा सराव केला. पुढे आईवर लिहिलेल्या ‘मार्गारेट ऑगिल्वी’ (१८९६) या पुस्तकात त्याने हे सारे सांगितले आहे. बाकीची मुले मोठी होत गेली, आईच्या मनातला डेव्हिड मात्र तेरा वर्षांचाच राहिला. पीटरचे न वाढणे इथून आले असावे, असे अभ्यासक मानतात. घरामागच्या धुण्याच्या खोपटात लहानपणी बॅरी नाटके करत असे. नाटकात मुले वेंडी या मुलीसाठी छोटे घर बांधतात, त्या घराचे मूळ म्हणजे हेच खोपटे, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे.

दुसरा धागा लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्स या बागेतला. तिथे बॅरीची ल्युएलिन डेव्हिस कुटुंबातील मुलांशी गट्टी जमली. त्यांच्याबरोबर खेळलेले चाच्यांचे आणि बेटांचे खेळ नाटकात आले, आणि २७ डिसेंबर १९०४ रोजी लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क थिएटरमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. आईवडील वारल्यावर या पाचही भावांचा सांभाळ बॅरीने केला. तरी एक बोचरी गोष्ट नजरेआड करता येत नाही. नाटकासाठी वापरले गेले ते या मुलांचेही बालपण होते, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. थोरला जॉर्ज पहिल्या महायुद्धात मारला गेला, मायकेल १९२१ साली ऑक्सफर्डजवळ बुडाला. पीटर नावाच्या भावाला तर नायकाशी जोडलेली ओळख जन्मभर जाचत राहिली. दुसऱ्याच्या बालपणावर कला उभी करणाऱ्याने ही बाजूही लक्षात ठेवायला हवी, मग त्या कलेचे उत्पन्न कितीही चांगल्या कामी लागो.

ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचे रुग्णालय डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी १८५२ साली अवघ्या दहा खाटांवर सुरू केले. केवळ मुलांना दाखल करून घेऊन उपचार करणारे ते ब्रिटनमधले पहिले रुग्णालय. सरकारी आरोग्यसेवा १९४८ साली आली. तोवर सारा खर्च देणग्यांवर चाले. कलेची मदत या रुग्णालयाला नवी नव्हती. चार्ल्स डिकन्सने १८५८ साली आपल्या साहित्याचे जाहीर वाचन करून त्याच्यासाठी पैसे उभे केले होते. १९२९ साली जवळची जागा विकत घेण्यासाठी निधी गोळा करायचा होता. त्यासाठीच्या समितीवर यावे, अशी विनंती बॅरीला झाली. त्याने नकार दिला, पण दुसऱ्या मार्गाने मदत करण्याची इच्छा बोलून दाखवली. थोड्याच दिवसांत हक्कांचे दान जाहीर झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नाटकातील कलाकारांनी रुग्णालयात येऊन रुग्ण मुलांसमोर एक प्रवेश केला.

किती उत्पन्न मिळते ते उघड करू नये, अशी बॅरीची इच्छा होती आणि रुग्णालयाने ती पाळली आहे. दान गाजवायचे नाही, हा संकोच त्यामागे दिसतो. १९३७ साली तो वारला. मृत्युपत्रातही त्याने हे दान कायम ठेवले होते.

अडचण आली ती कॉपीराइटची. ब्रिटनमध्ये तेव्हा लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी हक्क संपत, म्हणजे १९८७अखेर हा झरा आटणार होता. माजी पंतप्रधान जेम्स कॅलहन यांनी १९८८च्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती सुचवली आणि संसदेने ती मान्य केली. तिच्यानुसार ब्रिटनमध्ये ‘पीटर पॅन’ नाटकाचा प्रयोग, व्यावसायिक प्रकाशन किंवा प्रसारण झाले की रुग्णालयाला रॉयल्टी मिळते, आणि या हक्काला मुदत नाही. पण हा कॉपीराइट नव्हे. कोणी नाटक कसे करावे, कथेत काय बदलावे, यावर रुग्णालयाचे नियंत्रण नाही. हा हक्क विकता येत नाही, आणि आजारी मुलांची शुश्रूषा हे रुग्णालयाचे काम उरले नाही तर तो संपतो. हक्क संस्थेच्या नावावर असला, तरी कायद्याने तो मुलांच्या सेवेला बांधून ठेवला आहे. अशी अट घालण्यात संसदेने खरोखर दूरदृष्टी दाखवली.

ही सवलत ब्रिटनपुरतीच आहे. अमेरिकेत १९२८ साली छापलेली नाटकाची संहिता २०२४च्या आरंभी सर्वांसाठी खुली झाली. भारतात असाच प्रश्न रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्याबाबत उभा राहिला होता. ते १९४१ साली गेले, आणि त्यांच्या पुस्तकांवरचे विश्वभारती विद्यापीठाचे हक्क १९९१अखेर संपायचे होते. भारताने एका लेखकापुरता अपवाद न करता सर्वच लेखकांसाठी मुदत पन्नासवरून साठ वर्षे केली. बॅरीचे साहित्य मात्र त्यापूर्वीच, १९८७ संपताच, आपल्याकडे खुले झाले होते. त्यामुळे एखाद्या मराठी बालनाट्य संस्थेने मूळ नाटकावरून ‘पीटर पॅन’ रंगमंचावर आणला, तर तिला लंडनला काही पाठवावे लागत नाही; त्या प्रयोगाचे उत्पन्न आपल्या गावातल्या मुलांच्या वॉर्डाला द्यायलाही कोणाची परवानगी लागत नाही.