मेघातलं शिलींध्र, काडातली धिंगरी

मेघदूतातला यक्ष ढगाला वाट वाकडी करून उज्जयिनीवरून जायला सांगतो, हे बहुतेकांना आठवतं. त्याच्या थोडं आधी कालिदासानं ढगाच्या गडगडाटाचं एक काम सांगितलं आहे. त्या गडगडाटानं धरती सुफळ होते आणि तिच्यावर शिलींध्रं उगवतात. शिलींध्र म्हणजे भूछत्र. टीकाकार मल्लिनाथ ते कंदलीचं फूल मानतो, पण मला भूछत्रच पटतं. पहिल्या पावसानंतर रातोरात माती फोडून वर येणारं दुसरं असतं काय! जपानमध्ये इवाते विद्यापीठातल्या संशोधकांनी अळिंबीच्या ओंडक्यांना क्षणभर विजेचा जबर झटका दिला, तेव्हा पीक खरोखर वाढलं.

त्या उज्जयिनीभोवतीच्या काळ्या मातीत आता पावसाळ्यात सोयाबीन असतं आणि हिवाळ्यात गहू. मागे उरतं ते काड. गव्हाच्या धसकटाला माळव्यात नरवाई म्हणतात आणि पुष्कळ शेतांत ती सरळ पेटवून देतात. जे जळून जातं, त्यावर धिंगरी अळिंबी पोसता येते.

काड बोटभर तुकड्यांत कापायचं, भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, निथळून पिशवीत भरायचं आणि थराथरांत स्पॉन, म्हणजे बुरशी चढवलेले गव्हाचे दाणे, पेरायचे. पिशवी अंधाऱ्या खोलीत ठेवायची. चार-सहा दिवसांत प्रत्येक दाण्याभोवती पांढरी लव दिसते. पंधरा-वीस दिवसांत सगळं काड पांढऱ्या धाग्यांनी शिवल्यासारखं घट्ट होतं. पिशवी फाडली तरी गठ्ठा सुटत नाही. मग उजेड, वारा, पाण्याचा फवारा. एका सकाळी टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसतात आणि तीन-चार दिवसांत त्यांचे शिंपल्यासारखे पंखे होतात. किलोभर सुक्या काडातून अर्धा-पाऊण किलो ताजी अळिंबी निघते.

गरम पाण्याची सोय नसेल तर काड फॉर्मालिन आणि कार्बेन्डाझिमच्या पाण्यात भिजवतात. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक! बुरशी वाढवण्यासाठी बुरशीनाशक, हे ऐकून मी चमकलो होतो. पण त्या थोड्या मात्रेत हिरव्या-काळ्या मोकाट बुरश्या दबतात आणि धिंगरीच्या कुळाला फारसा धक्का लागत नाही. विष कुणासाठी विष, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

आता तणनाशकाकडे येऊ, कारण काड ज्या शेतातून येतं तिथं ते पडलेलं असू शकतं. सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर नावाचं तणनाशक सर्रास वापरतात. ते तणाला जाळत नाही, उपाशी मारतं. व्हॅलिन, ल्युसिन आणि आयसोल्युसिन ही तीन अमिनो आम्लं बनवणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते अडवतं. नवी प्रथिनं बनेनाशी होतात, शेंडा थांबतो आणि तण हळूहळू पिवळं पडून मरतं. सोयाबीन मात्र ते औषध आपल्या पेशींत भराभर मोडून टाकतं, म्हणून तगतं. माणसाकडे हे विकरच नाही. ही तीन आम्लं आपण डाळ-भाकरीतून घेतो.

आणि अळिंबीकडे? तिच्याकडे ते विकर आहे. वंशावळीनं बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळची आहे, पण या एका बाबतीत ती तणाच्या रांगेत उभी आहे. ग्लायफोसेट ज्या विकरावर घाव घालतं, तेही वनस्पतींत आहे, बुरशीत आहे, आपल्यात नाही. म्हणून ‘हे फक्त तणाला मारतं’ असं म्हणताना थांबावं लागतं.

प्रयोगशाळेत हे तपासायची रीत साधी आहे. आगरच्या खाद्यात तणनाशक चढत्या मात्रेत मिसळून पेट्री बशांत ओततात आणि प्रत्येकीच्या मधोमध बुरशीचा एक छोटा गोल तुकडा ठेवतात. एक बशी बिनविषाची. पुढे रोज पट्टी घेऊन वर्तुळाचा व्यास मोजायचा, आडवा आणि उभा. बिनविषाच्या बशीत पांढरं वर्तुळ काठाला भिडतं, तेव्हा दुसऱ्या एखाद्या बशीत ते रुपयाएवढंच असतं. शेतातलं औषध वाहून पाण्यात गेलं तर? माशांच्या बाबतीत हाच प्रश्न टाकीतल्या पाण्यात विचारतात. किती मात्रेत ९६ तासांत निम्मे मासे मरतात? प्राणघातक मात्रा अशी ‘निम्म्या’वर मोजण्याची कल्पना ट्रेव्हन या शास्त्रज्ञानं १९२७ मध्ये मांडली. अशा चाचण्यांतून एक गोष्ट कळली, ती शेतकऱ्यापर्यंत पोचायला हवी. बाटलीत एकटं तणनाशक नसतं. ग्लायफोसेटच्या काही मिश्रणांतला पानावर पसरवणारा साबणासारखा घटक माशांना आणि बेडकांच्या पिल्लांना खुद्द ग्लायफोसेटपेक्षा जास्त बाधतो.

पण धिंगरी नुसती सोसत बसत नाही. ती लिग्निन खाते. लाकडाला कडकपणा देणारं हे द्रव्य इतकं वेडंवाकडं जोडलेलं असतं की एका कुलपाला एक किल्ली अशी विकरं तिथं चालतच नाहीत. म्हणून या बुरश्या कुलूप तोडणारी विकरं धाग्याबाहेर सोडतात. लॅकेज हे त्यांतलं एक. त्याच्या पोटात तांब्याचे चार अणू असतात. समोर लिग्निन आहे की माणसानं बनवलेला विषारी रेणू, याची ही विकरं फारशी पर्वा करत नाहीत. १९८५ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक शोधनिबंध आला. धिंगरीसारखीच लाकूड कुजवणारी एक पांढरी बुरशी डीडीटीसुद्धा मोडते, असं त्यात दाखवलं होतं. पुढे अनेक तणनाशकांवर हेच करून पाहिलं गेलं आणि पुष्कळ ठिकाणी रेणू तुटले. तुटलेले तुकडे निरुपद्रवी आहेत का, हे मात्र दर वेळी वेगळं मोजावं लागतं. शिवाय अळिंबी जड धातू शोषून घेते. विष उतरवायला लावलेली अळिंबी म्हणूनच ताटात नको.

खायची धिंगरी स्वच्छ काडावरच लावावी. तिची तोडणी संपली की पिशवीत उरलेलं काड हातात घेऊन पाहा. ते हलकं झालेलं असतं, बोटानं चुरडतं आणि त्याला पावसाळी जंगलाचा वास येतो. ते कुजवून शेतात टाकतात आणि जूनमध्ये त्या मातीवर पुन्हा ढग गडगडतात.