पेशीवरची साखर आणि स्तनातली गाठ

‘कॅन्सरच्या पेशींवर वेगळी साखर असते’ एवढं कानावर पडलं की काही घरांत चहातली साखर बंद होते. गोड कमी खायला इतर कारणं पुष्कळ आहेत, पण या साखरेचा चहाशी संबंध नाही. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर शर्करेच्या साखळ्यांचं दाट आवरण असतं आणि या साखळ्या पेशी स्वतःच्या आतच तयार करते. आपला ए किंवा बी रक्तगटही अशाच साखळीच्या टोकाशी कोणती शर्करा आहे, यावर ठरतो.

कॅन्सरची पेशी काहीतरी अजब, नवी साखर बनवते, हाही समज फारसा खरा नाही. बऱ्याचदा उलट होतं: साखळी अर्धवट राहते. स्तनाच्या दुग्धनलिकांतल्या पेशींवर म्युक-१ नावाचं प्रथिन असतं. निरोगी पेशीत त्यावरच्या साखळ्या लांब आणि फांद्या फुटलेल्या असतात. कर्करोगात त्या आखूड होतात आणि एरवी झाकलेले ‘टी’ व ‘टीएन’ हे तुकडे उघडे पडतात. टीएन म्हणजे तर प्रथिनाला चिकटलेली एकच शर्करा. शेंगदाण्यातलं लेक्टिन, म्हणजे ठरावीक शर्करेला चिकटणारं प्रथिन, टी ओळखतं, तर एका खाद्य गोगलगायीचं लेक्टिन टीएन. १९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रूक्स आणि लेथम यांनी या गोगलगायीच्या लेक्टिनचं चिकटणं आणि काखेतल्या गाठींत पसरलेला स्तनकर्करोग यांचा संबंध दाखवला.

मग लेक्टिन चिकटलं की कॅन्सर? नाही. फायब्रोॲडेनोमासारख्या साध्या गाठींतही, इतकंच काय निरोगी स्तनातही, ते थोडंफार चिकटतं. फरक प्रमाणाचा आणि जागेचा आहे. निरोगी पेशीत म्युक-१ नलिकेच्या पोकळीकडच्या बाजूलाच असतं. कर्करोगात हे भान सुटतं आणि ते पेशीच्या चहूबाजूंनी दिसू लागतं.

सर्वांत महागात पडणारा समज रक्ततपासणीचा. सीए १५-३ ही चाचणी रक्तात आलेलं म्युक-१ मोजते. सुरुवातीच्या कर्करोगात ती अनेकदा नॉर्मल येते, आणि यकृताच्या आजारात किंवा स्तनाच्या साध्या विकारातही वाढू शकते. तिचा खरा उपयोग पसरलेल्या रोगावर उपचार लागू पडतोय का, हे पाहण्यापुरता. ‘फुल बॉडी चेकअप’मधल्या नॉर्मल आकड्यावर विसंबून हाताला लागणारी गाठ अंगावर काढणं धोक्याचं.

गाठ लागली तर डॉक्टरांना दाखवा, सांगतील ती सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करा आणि बायोप्सी सांगितली तर टाळू नका. सुई लागली की कॅन्सर पसरतो, या भीतीलाही आधार नाही.