आधी कुठल्या कानात?

रस्ता ओलांडताना डावीकडून हॉर्न वाजला, की मान आपोआप डावीकडे वळते. तो आवाज डाव्या कानात आधी पोहोचलेला असतो, उजव्यात किंचित उशिरा. किंचित म्हणजे किती? फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद, कारण मधे अंतर फक्त डोक्याएवढं. त्यातही सरावलेला कान १० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या एक लाखाव्या भागाचा फरक टिपतो. गंमत अशी, की चेतापेशीचा एक विद्युतस्पंदच याच्या शंभरपट, सुमारे १ मिलिसेकंद चालतो!

हा हिशेब मस्तिष्कस्तंभात होतो. मानसशास्त्रज्ञ लॉइड जेफ्रेस यांनी १९४८ मध्ये कल्पना मांडली: दोन्ही कानांकडून येणारे तंतू कमी-जास्त लांबीचे, ज्या पेशीवर दोन्हीकडचे संदेश एकाच क्षणी धडकतील, ती पेशी दिशा सांगणार. गव्हाणी घुबडाच्या मेंदूत पुढे जवळपास अशीच रचना सापडली. सस्तन प्राण्यांबाबत मात्र वाद मिटलेला नाही.

पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून वेगाने धावतो आणि दोन कानांतल्या वेळेचा फरक तितकाच आक्रसतो. म्हणूनच बुडी मारलेल्याला बोट कुठून येतेय, ते आवाजावरून कळत नाही.