पांढरं पीस आणि बांगड्या

मैत्रिणींनो, मुलांच्या इंग्रजीच्या पुस्तकात शौर्याचे वाक्प्रचार असतात, तसे भित्रेपणाचेही असतात. 'शो द व्हाइट फेदर' हा त्यातलाच. पांढरं पीस दाखवणं, म्हणजे कच खाणं. मूळ कोंबड्यांच्या झुंजीतलं. शेपटीत पांढरं पीस असलेला कोंबडा अस्सल झुंजार जातीचा नाही, असं मानत.

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं आणि हा वाक्प्रचार चक्क रस्त्यावर आला. इंग्लंडमधल्या फोकस्टन गावात चार्ल्स फिट्झजेराल्ड या निवृत्त नौदल अधिकाऱ्यानं तीस बायका जमवल्या. गणवेशात नसलेला तरुण दिसला, की त्याच्या हाती पांढरं पीस द्यायचं! हे लोण देशभर पसरलं. साध्या कपड्यांत रजेवर आलेले, जखमी होऊन परतलेले सैनिकही त्यातून सुटले नाहीत. १९१६ मध्ये जखमा किंवा आजारपणामुळे सैन्यातून मोकळं केलेल्यांना सरकारनं चांदीचा बिल्ला दिला. तो कोटावर लावला की निदान टोमणे तरी टळायचे.

मरायला जायचं पुरुषांनी, लाज काढायची बायकांनी, आणि हे ठरवणार कोण, तर घरी बसलेला अधिकारी!

आपल्याकडे पीस नाही, 'बांगड्या भरल्यात का?' आहे. आमच्या बचत गटातली एक जण परवा मुलाला हेच सुनावत होती. दारुड्या नवऱ्याची तक्रार द्यायला ती एकटी पोलीस ठाण्यात गेली होती. हातात डझनभर हिरव्या बांगड्या होत्या की तिच्या!