मोजायला शिकवणारा डोंगर

अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्याच्या पूर्वेला ॲपलाचियन पर्वताची एक लांबच लांब सोंड आहे. नकाशात तिचं नाव किटाटिनी रिज. आसपासचे लोक ब्लू माउंटन म्हणतात. शरद ऋतूत वायव्येचा वारा सुटला की तो या डोंगरावर आपटतो आणि सरळ वर उसळतो. उत्तरेकडून निघालेल्या शिकारी पक्ष्यांना हेच हवं असतं. पंख पसरायचे, उसळत्या हवेवर स्वतःला सोडून द्यायचं आणि फडफडण्याचे कष्ट वाचवत दक्षिण गाठायची. या वाटेवर एका ठिकाणी कातळाचे मोठमोठे दगड उघडे पडले आहेत. तिथे बसलं तर ससाणे आणि गरुड डोक्यावरून जातात, क्वचित पायांच्या खालच्या पातळीवरूनही जातात. एरवी ठिपक्याएवढा दिसणारा पक्षी इथे डोळ्यासमोर येतो.

त्यामुळेच १९३० च्या आसपास इथे बंदूकवाल्यांची गर्दी व्हायची. जवळच्या कोळसाखाणींच्या गावांतून माणसं सुटीच्या दिवशी येत, दगडांवर मांडी ठोकत आणि दिसेल तो पक्षी पाडत. मंदीचे दिवस होते. रिकाम्या काडतुसांतलं पितळ वेचून विकणारेही होते. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ससाणा म्हणजे कोंबड्या पळवणारा चोर, गाणाऱ्या पक्ष्यांचा वैरी. पक्षीप्रेमी म्हणवणाऱ्यांपैकी अनेकांचंही हेच मत होतं. राज्याच्या शिकार खात्याने तर १९२९ पासून गॉसहॉक या ससाण्याच्या प्रत्येक मेलेल्या पक्ष्यामागे पाच डॉलरचं बक्षीस लावलं होतं. डोंगरावर गोळ्या झाडणारा माणूस समाजाची सेवाच करत होता.

आज त्याच दगडांवर शाळेची मुलं दुर्बिणी घेऊन बसतात. जागेचं नाव हॉक माउंटन सँक्चुअरी. शिकारी पक्ष्यांसाठी राखलेलं जगातलं पहिलं अभयारण्य म्हणून ते ओळखलं जातं. मला मात्र त्याच्या पहिलेपणापेक्षा त्याच्या शिकवण्याच्या पद्धतीत जास्त रस आहे. पक्ष्यांवर प्रेम करा, असं इथे मुलांना फारसं सांगत नाहीत. मोजा म्हणतात.

हे कसं घडलं, ते सांगायला एका तापट बाईपासून सुरुवात करावी लागते. रोझली एज या न्यूयॉर्कच्या. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून झालेल्या चळवळीत त्या तयार झाल्या होत्या. पत्रकं काढणं, सभांमध्ये उभं राहून अडचणीचे प्रश्न विचारणं, वेळ पडली तर कोर्टात जाणं, हे सगळं तिथे शिकल्या आणि ते त्यांनी पक्ष्यांसाठी वापरलं. ऑडुबॉन या देशातल्या सर्वांत मोठ्या पक्षीसंस्थेलाही त्यांनी सदस्यांच्या यादीसाठी कोर्टात खेचलं होतं. रिचर्ड पॉ नावाचा एक तरुण १९३२ मध्ये या डोंगरावर गेला होता. मेलेले ससाणे गोळा करून त्याने जंगलाच्या जमिनीवर ओळीने मांडले आणि फोटो काढले. ते फोटो एजबाईंनी पाहिले. हळहळणारे पुष्कळ होते. बाईंनी डोंगर कुणाचा आहे याची चौकशी केली. १९३४ मध्ये पाचशे डॉलर उसने घेऊन सुमारे १४०० एकर जमीन त्यांनी भाड्याने घेतली, पुढे विकत घेण्याच्या हक्कासह. तेव्हा त्यांचं वय ५६ होतं. ती विकत घेतल्यावर १९३८ मध्ये त्यांनी एका संस्थेच्या नावावर करून दिली.

राखणीला आले मॉरिस ब्राऊन आणि त्यांची पत्नी अर्मा. तरुण जोडपं, हातात बंदूक नाही. अर्मा फाटकाशी उभ्या राहायच्या आणि शिव्या देत आलेल्या शिकाऱ्यांना परत पाठवायच्या. या कामाचं मोल इतिहासात जरा कमीच नोंदलं गेलं आहे, असं मला वाटतं. मॉरिस वर दगडांवर बसायचे. आणि बसल्या बसल्या, जाणारा प्रत्येक पक्षी ते वहीत टिपायचे. जात कोणती, किती, वारा कुठला, ढग किती.

या वहीने पहिला धक्का पक्षीतज्ज्ञांनाच दिला. अमेरिकेच्या पूर्व भागात सोनेरी गरुड जवळपास नसतोच, असा तेव्हाचा समज होता. ब्राऊन मात्र दर शरदात ते पाहत होते आणि मोजत होते. बघायला आलेल्या लोकांना ते दगडांवरच बसवून समजावून सांगत. या शिरस्त्याला पुढे ‘ढगांतली शाळा’ असं नाव पडलं. दुसऱ्या महायुद्धातली तीन वर्षं सोडली तर ही मोजणी १९३४ पासून आजपर्यंत थांबलेली नाही. शिकारी पक्ष्यांच्या स्थलांतराची इतकी दीर्घ नोंद जगात दुसरीकडे नाही.

पण वह्या भरून काय होतं? याचं उत्तर १९६२ मध्ये मिळालं, आणि मुलांना शिकवायला याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

बाल्ड ईगल हा अमेरिकेचा राष्ट्रीय चिन्हावरचा गरुड. त्याचं पांढरं डोकं सगळ्यांनी चित्रात पाहिलेलं असतं. मात्र हे डोकं जन्मतः पांढरं नसतं. पिल्लू घरट्यातून उडतं तेव्हा डोक्यापासून शेपटीपर्यंत तपकिरी असतं. पूर्ण पांढरं डोकं आणि शेपूट यायला चार-पाच वर्षं लागतात. म्हणजे उडणारा गरुड जाणता की पोरवयाचा, हे लांबून पाहूनही सांगता येतं. त्याला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. डोकं पांढरं की तपकिरी, एवढंच बघायचं. चौथीतलं मूलसुद्धा हे सांगेल.

ब्राऊन यांनी हेच लिहून ठेवलं होतं. १९३५ ते १९३९ या वर्षांत डोंगरावरून गेलेल्या बाल्ड ईगलांपैकी ४० टक्के तपकिरी, म्हणजे कोवळे होते. १९५५ ते १९५९ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर आलं. १९५७ मध्ये तर दर ३२ जाणत्या गरुडांमागे एकच कोवळा दिसला. मोठे पक्षी अजून आकाशात होते, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटत होतं. वही सांगत होती की पिल्लं होत नाहीत. लेखिका रेचल कार्सन १९४५ मध्ये या डोंगरावर येऊन गेल्या होत्या. १९६२ मध्ये निघालेलं ‘सायलेंट स्प्रिंग’ हे कीटकनाशकांवरचं पुस्तक लिहिताना त्यांनी हे आकडे घेतले आणि त्यांच्या जोडीला फ्लोरिडातल्या चार्ल्स ब्रोली यांच्या नोंदी ठेवल्या. ब्रोली बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. उतारवयात झाडांवर चढून त्यांनी हजारावर गरुडपिल्लांच्या पायात कड्या घातल्या होत्या. पुढे त्यांना घरटीच रिकामी मिळू लागली.

दोष डीडीटी या कीटकनाशकाचा होता. फवारलेलं विष पाण्यात, पाण्यातून माशांत, माशांतून गरुडात साठत गेलं. त्याने गरुड तडकाफडकी मरत नव्हते, तर अंड्याचं कवच पातळ होत होतं आणि उबवायला बसलेल्या आईच्या वजनानेच अंडं फुटत होतं. १९६३ च्या पाहणीत अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर विणीच्या जेमतेम ४१७ जोड्या उरल्या होत्या. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली. पेनसिल्वेनियात १९८० मध्ये फक्त तीन घरटी होती. १९८३ पासून कॅनडातल्या सास्कॅचेवनहून पिल्लं आणून तिथे वाढवली आणि सोडली. हे काम केलं ते कधीकाळी ससाण्याच्या मुडद्यावर बक्षीस देणाऱ्या त्याच शिकार खात्याने. माणसं बदलतात, खातीही बदलतात, फक्त कुणीतरी आधी आकडे समोर ठेवावे लागतात. आता त्या राज्यात तीनशेहून जास्त घरटी आहेत. २००७ मध्ये बाल्ड ईगल संकटग्रस्त यादीतून बाहेर आला.

आजची शिकवणी अजून त्याच दगडांवर चालते. मोजणीचा हंगाम १५ ऑगस्ट ते १५ डिसेंबर. समोरच्या डोंगररांगेतल्या उंचवट्यांना क्रमांक दिलेले आहेत, त्यामुळे ‘तिकडे बघ’ असं बोट न दाखवता ‘तीनच्या वर, डावीकडे’ एवढं सांगितलं की वीस दुर्बिणी एकाच ठिकाणी वळतात. एका काठीवर घुबडाची खोटी बाहुली लावलेली असते. घुबड दिसलं की ससाण्यांचं डोकं फिरतं आणि ते झेप घालायला जवळ येतात. नव्या मुलाला आधी रंग शिकवत नाहीत, आकार शिकवतात, कारण उंचावर रंग दिसतच नाही. रुंद पंख आणि आखूड शेपूट असेल तर एक कुळ. आखूड पंख, लांब शेपूट आणि ‘दोन-चार फडफडी, मग तरंग’ अशी चाल असेल तर दुसरं. टोकदार पंखांचा, वेगाने कापत जाणारा बहिरी ससाण्याच्या जातीचा. सप्टेंबरच्या मध्याला ब्रॉड-विंग्ड हॉक थव्याथव्याने येतात, गरम हवेच्या भोवऱ्यात घिरट्या घेत वर चढतात आणि एकामागून एक सुटतात; तेव्हा मोजताना मोठ्यांचीही तारांबळ उडते. सोनेरी गरुडासाठी नोव्हेंबरच्या थंडीत कुडकुडत बसावं लागतं. अनेकदा तासभर काहीच येत नाही. शून्य हाही आकडा असतो आणि तोही लिहायचा असतो. माझ्या मते मुलांसाठी हाच भाग सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा.

संस्थेकडे जायबंदी झालेले, पुन्हा रानात न जगू शकणारे काही पक्षीही असतात. हातमोज्यावर बसलेलं घुबड पाहून मुलं हरखतात हे खरं, पण ती करमणूक सरकारी प्राणिसंग्रहालयातही होते. त्यापेक्षा केस्ट्रेलच्या पेट्यांचा उपक्रम मला जास्त भावतो. अमेरिकन केस्ट्रेल हा साळुंकीएवढा छोटा ससाणा झाडांच्या ढोलीत घर करतो. आसपासच्या शेतांत, शेतकऱ्यांच्या परवानगीने, लाकडी पेट्या लावून स्वयंसेवक वर्षानुवर्षं त्याची अंडी-पिल्लं नोंदवत आहेत. हा पक्षी कमी होत चालला आहे आणि त्याचं एकच ठोस कारण अजून शास्त्रज्ञांच्याही हाती लागलेलं नाही. ज्याचं उत्तर गुरुजींनाही येत नाही असा प्रश्न मुलाच्या हाती देणं, ही शिक्षणातली दुर्मीळ गोष्ट. १९७० च्या दशकापासून देशोदेशीचे तरुण इथे काही महिने राहून हे काम शिकतात आणि आपापल्या मुलखात जाऊन मोजण्या सुरू करतात.

आपल्याकडेही असाच एक आकडा आहे आणि तो विसरू नये असा आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांनी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी मोजली होती. १९८७-८८ मध्ये ३५३, १९९६-९७ मध्ये १५०, १९९८-९९ मध्ये २०. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे गिधाडं मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारताने ते औषध जनावरांसाठी बंद केलं. जुनी मोजणी हाताशी नसती तर गिधाडं ‘कुठेतरी गेली असतील’ म्हणून आपण आणखी काही वर्षं काढली असती.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा. शाळांत चित्रं काढली जातात, घोषणा होतात, एखादं भाषण होतं. शिक्षकांना माझी विनंती आहे की, यंदा एक वहीही घाला. कोकणातल्या शाळांना तर दूर जायला नको. हर्णै, मिरकरवाडा, मालवण, कुठल्याही मासळी उतरणाऱ्या बंदरावर ब्राह्मणी घारी घिरट्या घालत असतात. जाणत्या घारीचं डोकं आणि छाती पांढरी असते, अंग विटकरी. कोवळी घार सगळी तपकिरी. ठरलेला वार, ठरलेली वेळ, अर्धा तास. एकदम किती दिसल्या, त्यांत पांढऱ्या डोक्याच्या किती, तपकिरी किती, एवढंच लिहायचं. वर्ग पुढे गेला की वही खालच्या वर्गाला द्यायची. एका वर्षाच्या आकड्यावरून काहीही ठरवायचं नाही. दहा वर्षांची वही झाली की बोलायचं. आणि मुलांना एक खूण आधीच सांगून ठेवा, कारण तपकिरी रंगावरून घोटाळा होतो: शेपटीचं टोक गोल असेल तर ते ब्राह्मणी घारीचं पिल्लू, मधोमध खाच असेल तर साधी घार. ती वेगळ्या रकान्यात लिहायची.